स्मरणशक्ती : आजीची आणि आपली

पेडणे व डिचोली या तालुक्यांतील पुष्कळ घरांत एक गोष्ट पाहावयास मिळते. आजी चष्मा कोठे ठेवला ते विसरते, सकाळी कोण येऊन गेले हेही तिला सांगता येत नाही. तीच आजी पौष महिन्यात मांडावर उभी राहिली, की धालोची गीते रात्री उशिरापर्यंत न अडखळता म्हणते. मग तिची स्मरणशक्ती अधू म्हणावी की तल्लख?

स्मृती ही एकच एक शक्ती नव्हे. घडलेला प्रसंग आठवणे निराळे आणि शब्दांचे अर्थ ठाऊक असणे निराळे, हा भेद एंडेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडला. वयाचा आघात प्रथम प्रसंगांच्या स्मृतीवर होतो. शब्दसंग्रह सत्तरीच्या आसपासही बहुधा शाबूत असतो. शिवाय दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात विशेष ठळक राहतात. आजी धालो शिकली ती त्याच वयात. त्यातून गीताला चाल असते आणि समोरच्या रांगेने झेललेली ओळ पुढच्या ओळीला हाक मारते. चष्म्याला अशी चाल कोठून असणार? मात्र नित्याची वाट चुकू लागली, तर ते केवळ वयावर न ढकलता वैद्यांस दाखवावे.

आता स्त्रीपुरुषभेदाविषयी. शब्द व चेहरे स्मरणात ठेवण्यात स्त्रिया, तर वाटा व दिशा यांत पुरुष, सरासरीने किंचित सरस ठरतात. हा फरक इतका अल्प आहे, की त्यावरून वर्गातील एकाही मुलामुलीविषयी भाकीत करता येणार नाही. पाठांतर हे मुलींचेच काम, असे म्हणणाऱ्यांनी आमच्या दशावतारी नटांकडे पाहावे. हाती लिखित संवाद नसता ते आख्यान रात्रभर रंगवितात.

भारतात ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक लोकांची पाहणी २०१७ साली सुरू झाली. तीत दहा शब्द वाचून दाखवून ते काही वेळाने विचारले जात. अशा कसोट्यांत आपल्याकडील वृद्ध स्त्रिया पुरुषांच्या मागे पडतात. परंतु शिक्षणाचा फरक हिशेबात घेतला, की ही तफावत बरीच घटते. युरोपातील १३ देशांविषयीचा २०१४ सालचा अभ्यासही तेच सुचवितो : जेथे मुलींना शिक्षण लाभले, तेथे स्त्रिया अशा कसोटीत पुढे गेल्या. आमच्या खेड्यांत १९६१ पूर्वी मुलींच्या वाट्याला शाळा क्वचितच येई. गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या त्या मुक्तीनंतर. तेव्हा आजी शब्दांच्या यादीत मागे पडली, तर तो दोष तिच्या स्त्रीपणाकडे जात नाही.

विद्यार्थिमित्रांनी घरी हा प्रयोग अवश्य करावा. तुळस, होडी, काजू, समई असे दहा शब्द आजीस सावकाश वाचून दाखवावेत व पाच मिनिटांनी विचारावेत. नंतर धालोच्या पहिल्या रात्रीची गीते विचारून ती वहीत उतरून घ्यावीत. त्यांतील किती गीते आपणांस दुसऱ्या दिवशी वही न उघडता म्हणता येतात, तेही पाहावे.