उपसागराचे पथ्य

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरिलंड राज्यात पटक्संट नावाची एक नदी आहे. ती काही फार मोठी नदी नव्हे. उगमापासून मुखापर्यंतचा तिचा सारा प्रवास त्या एकाच राज्यात होतो आणि शेवटी ती चेसापीक नावाच्या विस्तीर्ण उपसागरास मिळते. या नदीच्या काठी ब्रूम्स आयलंड नावाचे एक लहानसे खेडे आहे. १९८८ सालच्या जून महिन्यात तेथे एक मौजेचा प्रकार पाहावयास मिळाला. साठी उलटलेले एक गृहस्थ पायांत पांढरे बूट घालून नदीत उतरले. त्यांचे नाव बर्नी फाउलर. ते मेरिलंडच्या विधिमंडळाचे सभासद होते. मान खाली घालून, आपल्या बुटांकडे पाहत, ते एकेक पाऊल पुढे टाकू लागले. बूट दिसेनासे होताच ते थांबले, काठावर परत आले आणि कपड्यांवर जेथवर ओल चढली होती तेथवरचे अंतर मोजण्यात आले. ते भरले अवघे १० इंच!

फाउलर यांचे बालपण याच नदीकाठी गेले होते. १९५० नंतरच्या काही वर्षांत ते छातीभर पाण्यात उभे राहून खेकडे धरीत, आणि तेव्हा त्यांना तळाशी असलेली स्वतःची पावले स्पष्ट दिसत. तळाशी हिरव्यागार पाणगवताची कुरणे पसरलेली असत. त्यांत खेकड्यांची पिले लपत, माशांची पिले वाढत. ते पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत गढूळ होत गेले. गवत नाहीसे झाले, कालवे दुर्मिळ झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या नदीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांपुढे उपासमारीचा प्रश्न उभा राहिला.

हे पाणी बिघडले कशाने? नदीत कोणी विष ओतले होते, असे नाही. उलट, जी द्रव्ये शेतातील पिकांना पोसतात, त्यांनीच नदीचा घात केला. नत्र आणि स्फुरद ही दोन द्रव्ये खतांत असतात, शेणात असतात आणि माणसांच्या मैलापाण्यातही असतात. नदीच्या वरच्या अंगास वॉशिंग्टन व बाल्टिमोर या शहरांची उपनगरे झपाट्याने वाढली. तेथील मैलापाणी नळांवाटे नदीत येऊ लागले. या खुराकावर पाण्यातील सूक्ष्म शेवाळ बेसुमार माजले. शेवाळाने सूर्यप्रकाश अडविला, तेव्हा तळचे गवत मेले. पुढे शेवाळही मरून तळाशी कुजू लागले. आणि कुजण्याच्या क्रियेस प्राणवायू लागत असल्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपून गेला. पाण्यात राहूनही मासे गुदमरू लागले. अजीर्ण झाल्यावर माणसाचे जे होते, तेच पाण्याचे झाले म्हणावयाचे.

आता प्रश्न आला तो उपायाचा. तो समजण्यास गावजेवणाचे उदाहरण घेऊ. आमटीचे मोठे पातेले चुलीवर आहे. एकाने येऊन चिमूटभर मीठ टाकले, दुसऱ्याने टाकले, तिसऱ्यानेही टाकले. प्रत्येक जण म्हणतो, ‘मी तर फक्त चिमूटभरच टाकले!’ आणि ते खरेही असते. परंतु आमटी तोंडात घालवत नाही. प्रत्येकाला ‘मीठ कमी टाका’ एवढेच सांगून भागत नाही. आधी पातेल्याला एकूण मीठ किती चालेल ते ठरवावे लागते आणि मग त्यातील कोणी किती टाकावयाचे ते वाटून द्यावे लागते. शहाणा आचारी त्यातलेही थोडे मीठ हातचे राखून ठेवतो. कारण अंदाज चुकू शकतो.

अमेरिकेत १९७२ साली जलशुद्धीचा जो मोठा कायदा झाला, त्यात नेमका हाच विचार होता. प्रत्येक राज्याने आपले बिघडलेले नदी-नाले कोणते त्यांची यादी करावयाची. त्या प्रत्येक प्रवाहास कोणते दूषित द्रव्य जास्तीत जास्त किती सोसेल याचा हिशेब करावयाचा. आणि तो आकडा मैलापाण्याची केंद्रे, कारखाने, शेते, शहरांतील रस्ते अशा सर्वांना वाटून द्यावयाचा. अंदाज चुकला तर हाताशी असावा म्हणून त्यातील काही भाग शिल्लक ठेवावयाचा, हेही त्यात आलेच. कायदा चांगला होता. पण त्यातील हे कलम बरीच वर्षे कागदावरच पडून राहिले. कारखान्याचा नळ डोळ्यांना दिसतो, त्याच्यावर बोट ठेवता येते. शंभर शेतांतून पावसाबरोबर वाहून येणारे खत कोणाचे, हे सांगणे अवघड असते. नागरिकांच्या संघटनांनी ठिकठिकाणी न्यायालयांत दाद मागितली, तेव्हाच हे हिशेब खऱ्या अर्थाने सुरू झाले.

पटक्संटच्या लोकांनी मात्र इतका धीर धरला नव्हता. नदीच्या खालच्या अंगाच्या तीन जिल्ह्यांनी आपल्याच राज्याला आणि मध्यवर्ती सरकारच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेला न्यायालयात खेचले. या लढ्यात फाउलर पुढे होते. वाद मोठा चमत्कारिक होता. वरच्या अंगाचे अधिकारी म्हणत, ‘मैलापाण्यातून स्फुरद काढले की पुरे, नत्र काढण्याचा खर्च व्यर्थ आहे.’ गोड्या पाण्यापुरते हे बरेचसे बरोबरही होते. परंतु जेथे गोडे व खारे पाणी मिसळते, तेथे शेवाळाच्या वाढीची किल्ली बहुधा नत्राच्या हाती असते, असे उपसागराकाठच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अखेर १९८१ साली दोन्ही बाजूंचे लोक एकत्र बसले आणि नदीत किती नत्र व किती स्फुरद येऊ द्यावयाचे, याच्या मर्यादा त्यांनी मान्य केल्या. वरच्या अंगाच्या मैलापाणी केंद्रांत पुढे जीवाणूंच्या साहाय्याने नत्र काढून टाकण्याची यंत्रणा बसली. १९९७ च्या जूनमध्ये फाउलर पाण्यात उतरले तेव्हा बूट दिसेनासे होईपर्यंत साडेचव्वेचाळीस इंच खोली गाठता आली. तेवढी मजल मात्र पुढे टिकली नाही. वस्ती वाढतच राहिली.

पटक्संटचे दुखणे हे वस्तुतः साऱ्या चेसापीकचेच दुखणे होते. या उपसागराची लांबी सुमारे ३२० किलोमीटर आहे. पण सरासरी खोली मात्र साडेसहा मीटरांहूनही कमी! त्याच्या पाणलोट क्षेत्रात सहा राज्यांचे भाग व राजधानीचे वॉशिंग्टन शहर येते. दीड लक्ष चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशावर पडणारा पाऊस या उथळ परातीत येऊन साठतो, आणि येताना वाटेतील सर्व काही बरोबर आणतो. १९८३ पासून राज्यांनी आपसांत करार केले, मुदती ठरविल्या, आणि त्या मुदती टळून गेल्या. स्वेच्छेने पाळावयाचे पथ्य बहुतेकांच्या हातून मोडते. राज्येही त्याला अपवाद नव्हती.

अखेर २९ डिसेंबर २०१० रोजी पर्यावरण-संरक्षण संस्थेने संपूर्ण उपसागरासाठी मर्यादा जाहीर केली. वर्षाकाठी नत्र १८ कोटी ५९ लक्ष पौंड, स्फुरद १ कोटी २५ लक्ष पौंड आणि गाळ ६४५ कोटी पौंड; याहून अधिक येता कामा नये. म्हणजे तेव्हा येत असलेल्या नत्रात सुमारे एक-चतुर्थांश कपात करावयाची होती. हे आकडे कोणी हवेतून काढले नव्हते. उपसागराचे व त्याच्या खाड्यांचे ९२ भाग पाडण्यात आले. मासे खुल्या पाण्यात वावरतात तेथे लिटरमागे सरासरी ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, पाणगवताला अमुक इतका प्रकाश हवा, अशा गरजा आधी ठरल्या. त्या भागण्यासाठी खुराक कितीवर आणला पाहिजे, याचे गणित मग गणकयंत्रांवर मांडण्यात आले. वृत्तपत्रांनी या योजनेस ‘उपसागराचे पथ्य’ म्हटले, ते अगदी सार्थ होय.

पथ्य म्हटले की कुरकुर आलीच. शेतकऱ्यांच्या एका मोठ्या संघटनेने या मर्यादेविरुद्ध दावा लावला. तो २०१६ पर्यंत चालला आणि शेवटी मर्यादा कायम राहिली. शेतकऱ्यांची बाजू अगदीच खोटी होती, असे मात्र म्हणता येत नाही. उपसागरात येणाऱ्या गोड्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या सस्क्वेहाना नदीतून येते, आणि ती नदी मुख्यतः पेन्सिल्व्हेनिया राज्यातून वाहते. या राज्याला चेसापीकचा इंचभरही किनारा नाही! तेथील लँकेस्टर जिल्ह्यात लहान लहान दुग्धशाळा आहेत. पुष्कळ शेतकरी आमिश पंथाचे असून आजही घोड्यांनीच नांगरतात. अशा माणसाला सांगावयाचे की, बाबा रे, ओढ्याकाठची थोडी जमीन झाडांसाठी सोड, गाई ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घाल, शेणखत बेताने टाक, हिवाळ्यात शेत उघडे न ठेवता राय पेर. आणि हे सारे कशासाठी, तर त्याने कधीही न पाहिलेल्या खेकड्यांसाठी. खर्च त्याचा, आणि खेकडे दुसऱ्याचे! म्हणून कुंपणाला व झाडांना सरकारी मदत देण्यात येऊ लागली. तरीही काम हळूहळूच चालले.

शहरांतील काम त्या मानाने लवकर झाले. मेरिलंडने २००४ सालीच मैलापाणी केंद्रे सुधारण्यासाठी घरटी कर बसविला होता. लोकांनी त्याची ‘संडासकर’ म्हणून थट्टा केली, पण कर दिला. केंद्रांना आखून दिलेला वाटा २०२५ च्या मुदतीपूर्वी कितीतरी वर्षे आधीच गाठला गेला. शेतांचा आणि रस्त्यांवरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याचा वाटा मात्र मुदत संपली तेव्हाही अपुराच होता. काही खाड्यांत पाणगवत परत आले, काहींत अजून आलेले नाही.

बर्नी फाउलर २०२१ च्या डिसेंबरात वारले. त्या वेळी ते ९७ वर्षांचे होते. तोवर दर वर्षी जून महिन्यातील दुसऱ्या रविवारी पांढरे बूट घालून नदीत उतरण्याचा त्यांचा परिपाठ पटक्संटच्या लोकांनी आपलासा केला होता, आणि त्यांच्या पश्चातही तो चालू राहिला. म्हातारे, मुले, शास्त्रज्ञ, राजकारणी असे सारे एकमेकांचे हात धरून एका रांगेत पाण्यात शिरतात. मग सगळ्यांच्या माना खाली जातात, आणि प्रत्येक जण पाण्यातून आपापली पावले शोधू लागतो.