पडद्याआडची ॲप्स आणि फोनची बॅटरी

शाळेत विजेची जोडणी असणे व दुपारी तीन वाजता शाळेत वीज असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे खेड्यातील शिक्षकास मुद्दाम सांगावयास नको. पावसाळ्याच्या तोंडावर वारा सुटला, एखादी फांदी तारेवर पडली, की मग दुरुस्ती होईपर्यंत शाळेत चालू असणारे एकच यंत्र उरते. ते म्हणजे शिक्षकाच्या खिशातील स्मार्टफोन. पोषण आहाराची नोंद, हजेरी, केंद्रप्रमुखांचे निरोप आणि तालुक्याहून तासाभरात मागविलेली माहिती ही सर्व कामे त्या एका फोनवर होतात. (फोन बहुधा शिक्षकाचा स्वतःचाच असतो, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) एखाद्या मुलास सर्पदंश झाला तर 108 क्रमांकास हाक द्यावयाची तीही ह्याच फोनवरून. अशा वेळी सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी मधल्या सुट्टीनंतर विझू लागली, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. फोन तर दिवसभर कोणी वापरलाही नव्हता. मग वीज गेली कोठे, असा प्रश्न साहजिकच पडतो.

ह्यावर सर्वत्र एकच उपाय केला जातो. अलीकडे उघडलेल्या ॲप्सची रांग समोर आणावयाची व एकेक ॲप बोटाने वर भिरकावून द्यावयाचे. कित्येकांस ही सवय इतकी जडली आहे की फोन खिशात ठेवण्यापूर्वी ते हा विधी केल्याशिवाय राहत नाहीत. हेतू चांगला आहे, परंतु उपाय बहुधा निरुपयोगी आहे. त्या रांगेत दिसणारी ॲप्स म्हणजे चालू असलेली ॲप्स नव्हेत. वर्गातून बाहेर जाताना शिक्षकाने टेबलावर उघडे ठेवलेले पुस्तक जसे कोणी वाचीत नसते, तशी त्यांतील बहुतेक ॲप्स फोनच्या स्मृतीत थिजून पडलेली असतात. स्मृती भरलेली असो वा रिकामी, ती जागी ठेवण्यास लागणारी वीज जवळपास सारखीच. उलट भिरकावून दिलेले ॲप पाच मिनिटांनी पुन्हा उघडले, की ते मुळापासून उभे करण्यास फोनला अधिक श्रम पडतात. 2016 च्या मार्च महिन्यात ॲपल व गूगल ह्या दोन्ही कंपन्यांतील ह्या विषयाच्या जबाबदार अधिकाऱ्यांनी, बॅटरी वाचविण्यासाठी असे करण्याची गरज नाही, हे उघडपणे सांगितले होते. तरीही सवय गेली नाही. नकाशात मार्ग दाखविणे सुरू ठेवलेले असेल, किंवा एखादे ॲप अडकून फोन तापू लागला असेल, तर मात्र ते ॲप बंद करणे रास्त होय.

खरा खर्च त्या रांगेत दिसतच नाही; तो पडद्याआड होतो. नाटकात रंगमंचावर एकच पात्र बोलत असले तरी आतल्या बाजूस पुढच्या प्रवेशाची धावपळ चालू असते. फोनचेही तसेच आहे. स्क्रीन काळी असतानाही एखादे ॲप नवे संदेश आले आहेत काय हे विचारीत असते, दुसरे छायाचित्रे दूरच्या संगणकावर पाठवीत असते, तिसरे फोन कोठे आहे ह्याचा शोध घेत असते. ह्यांतील प्रत्येक काम क्षुल्लक वाटते. तथापि त्याची किंमत कामाच्या आकारावर ठरत नाही, ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

समजा, एका गावातील शिपाई तालुक्यास टपाल घेऊन जातो. एका पत्रासाठी त्याने फेरी मारली तरी श्रम तेवढेच, व वीस पत्रे एकदम नेली तरी जवळपास तेवढेच. शिवाय परत येताना 'आणखी काही काम निघते काय' म्हणून तो फाट्यावर थोडा वेळ थांबून राहतो. फोनमधील रेडिओयंत्रणा, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, नेमका असाच वागतो. थोडीशी माहिती पाठवावयाची असली तरी त्यास झोपेतून उठावे लागते, आणि काम संपल्यावरही तो काही सेकंद जागाच राहतो. लगेच दुसरे काम आले तर पुन्हा उठण्याची यातायात नको, हा त्यातील हेतू. म्हणून दहा ॲप्सनी आपापल्या वेळी दहा वेळा हाक मारली, तर माहिती अत्यल्प असूनही रेडिओ कित्येक वेळा उठतो आणि प्रत्येक वेळी रेंगाळतो.

खेड्यात ह्यात आणखी भर पडते. टॉवर दूर असेल, मध्ये डोंगर असेल, तर टॉवरपर्यंत हाक पोहोचावी म्हणून फोनला अधिक जोर लावावा लागतो. अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागातील अथवा भामरागडच्या जंगलातील शिक्षकाचा फोन शहरातील त्याच बनावटीच्या फोनपेक्षा लवकर रिकामा होतो, ह्यात फोनचा दोष नाही. शहरात ज्या पडद्याआडच्या कामांकडे दुर्लक्ष केले तरी चालते, तीच कामे येथे महाग पडतात. ठिकाणाचा शोधही असाच. उपग्रहांचे संकेत अतिशय क्षीण असतात. पत्र्याच्या छपराखाली ते नीट मिळत नाहीत, व ग्राहकयंत्रणा तेवढा अधिक वेळ चालू राहते.

ही उधळपट्टी थांबविण्याची काही व्यवस्था फोनमध्ये मुळातच केलेली आहे. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून फोन स्क्रीन बंद ठेवून एका जागी स्वस्थ पडला असेल, तर ॲप्सची कामे रोखून धरली जातात व ठराविक अंतराने सर्वांस एकदम मोकळीक मिळते. पत्रे कितीही वेळा टाका, टपालपेटी ठरल्या वेळीच उघडावयाची, असाच हा नियम. 2016 च्या सातव्या आवृत्तीत खिशातून हिंडणाऱ्या फोनसही तो काहीशा सौम्य रूपात लागू झाला. 2018 च्या नवव्या आवृत्तीपासून फोन प्रत्येक ॲप किती वेळा वापरले जाते हे पाहून त्याची प्रतवारी करतो, आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्यास कमी मोकळीक देतो. गजराचे घड्याळ मात्र ह्या नियमांतून वगळलेले आहे. तातडीचा शिक्का असलेले संदेशही पेटी उघडण्याची वाट न पाहता आत येतात. 2013 च्या जुलै महिन्यात तारसेवा बंद झाली, पण पत्र व तार ह्यांतील भेद असा फोनमध्ये शिल्लक राहिला आहे.

मग शिक्षकाने करावयाचे ते काय? प्रथम सेटिंग्जमध्ये जाऊन बॅटरी हे सदर उघडावे व कोणत्या ॲपने किती वाटा घेतला ते पाहावे. पुष्कळदा पहिला क्रमांक खुद्द स्क्रीनचा निघतो, आणि तेथे उपाय एकच: तिचा उजेड कमी ठेवावा. परंतु जे ॲप आठवडाभरात एकदाही उघडले नाही तेच यादीत वर दिसले, तर समजावे की पडद्याआडचा खर्च सापडला. त्या ॲपच्या नावावर बोट ठेवले असता त्याचा पडद्याआडचा वापर रोखण्याची सोय मिळते. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनवर ह्या सोयीचे नाव व जागा निराळी असते, ह्यास्तव पहिल्यांदा शोधावयास पाच-दहा मिनिटे द्यावी लागतील. आयफोनमध्ये ॲप्सनी पडद्याआड स्वतःस ताजे करून घेण्याची परवानगी एकेका ॲपसाठी काढून घेता येते; ही सोय 2013 पासून आहे. ठिकाणाची परवानगीही तपासावी. 2019 च्या दहाव्या अँड्रॉइड आवृत्तीपासून 'ॲप वापरात असतानाच' असा पर्याय मिळतो, व खरेदीच्या, खेळांच्या आणि बहुतेक इतर ॲप्सना तेवढा पुरेसा होतो.

गटांवर येणारी सुप्रभातीची फुले, दिवे व सुविचार आपोआप उतरवून घेणे व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये बंद करता येते. ह्या एका गोष्टीने बॅटरी, डेटा व साठवणीची जागा तिन्ही वाचतात, आणि पाठविणाऱ्याच्या भावनाही दुखावत नाहीत. फोन वेगवान करण्याचे किंवा बॅटरी वाढविण्याचे आश्वासन देणारी ॲप्स घेऊ नयेत. ती स्वतःच दिवसभर पडद्याआड जागी राहतात, म्हणजे चोर पकडण्यासाठी ठेवलेला रखवालदारच धान्य खाऊ लागतो.

येथवर सर्व सोपे आहे. अडचण उद्भवते ती उत्साहाच्या भरात सरसकट सर्वच ॲप्स रोखली जातात तेव्हा. मर्यादा घातलेले ॲप वीज वाचविते ते आपले काम सोडून किंवा लांबवून, हे विसरता येत नाही. ज्या ॲपवर केंद्रप्रमुखांचे निरोप येतात तेच रोखले, तर सकाळी अकराचा निरोप दुपारी फोन उघडल्यावर दिसेल. 'सक्तीने थांबवा' हे बटण तर त्याहून कडक आहे. ते दाबल्यावर ॲप पुन्हा हाताने उघडेपर्यंत त्याच्याकडून बहुधा कोणतीच सूचना येत नाही.

ह्याचे सर्वांत गंभीर उदाहरण विजांचे आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप फोन ज्या ठिकाणी असेल तेथून 20 व 40 किलोमीटरच्या टापूत होणाऱ्या विजांची सूचना देते. मृगाच्या सुमारास व परतीच्या पावसात, नेमकी शाळा सुटण्याच्या वेळी, विदर्भात व मराठवाड्यात आभाळ भरून येते. मुले शेताच्या बांधावरून, मोकळ्या माळावरून घरी निघतात, व पाऊस लागला की आडोसा म्हणून एकट्या झाडाखाली उभी राहतात. विजेच्या दृष्टीने ती जागा अत्यंत धोक्याची. मुलांस अर्धा तास वर्गातच थांबवून ठेवावे की नाही हा निर्णय ज्या शिक्षकास करावयाचा आहे, त्याच्या फोनमधील हे ॲप जागे असले पाहिजे. आपण कोठे आहोत हेच ज्यास कळू दिलेले नाही, ते ॲप जवळ पडणाऱ्या विजेची सूचना कशी देणार? आणि कित्येक महिने न उघडलेले ॲप फोन आपण होऊन मागच्या प्रतीत ढकलतो, हे वर आलेच आहे. तेव्हा पावसाळ्यापूर्वी ते एकदा उघडावे, त्यास ठिकाणाची परवानगी कायम ठेवावी व पडद्याआडच्या मर्यादेतून त्यास वगळावे. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचविण्याच्या हट्टाने अशी ॲप्सही गुपचूप बंद करतात. तेथे सेटिंग्जमध्ये त्या ॲपला आपोआप सुरू होण्याची वेगळी मुभा द्यावी लागते. फोनवर सूचना आली नाही म्हणून धोका नाही असे मात्र केव्हाही धरू नये. गडगडाट ऐकू आला की वीज पोहोचण्याइतकी जवळ आहे, हा जुना नियम बॅटरीवाचून चालतो.

हाच विषय सहावी-सातवीच्या वर्गात शेकडेवारी व सरासरीच्या पाठास जोडता येईल. शिक्षकाने तीन रात्री आपला फोन घरातील एकाच जागी ठेवावा व रात्री दहा आणि सकाळी सहा ह्या वेळांचे बॅटरीचे आकडे वहीत लिहून घ्यावेत. पहिल्या रात्री काहीही बदलू नये. दुसऱ्या रात्री जास्त खाणारी तीन ॲप्स रोखावीत. तिसऱ्या रात्री ती मोकळी करून इंटरनेट डेटा बंद ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट का बदलावयाची, हा प्रश्न मुलांसमोर अवश्य टाकावा; सामान्य विज्ञानातील प्रयोगाचा पाया तेथेच आहे. समजा, पहिल्या रात्री बॅटरी 80 टक्क्यांवरून 60 वर आली व दुसऱ्या रात्री 80 वरून 72 वर. बॅटरीची क्षमता 5000 मिलिअँपिअर-तास धरली, तर पहिल्या रात्री ताशी सरासरी खर्च 125 व दुसऱ्या रात्री 50 मिलिअँपिअर-तास येतो. ताशी 75 ची बचत, म्हणजे आठ तासांत 600, व ते 5000 चे 12 टक्के होतात. ही रीत फळ्यावर दाखवावी, परंतु आकडे मात्र आपल्या फोनचेच घ्यावेत. ते गृहीत आकड्यांशी जुळणार नाहीत. जुना फोन असेल तर बॅटरीची मूळ क्षमताही घटलेली असते. शेकडो वेळा भरल्या-उतरल्यानंतर ती पूर्वीइतकी राहत नाही. वर्गातील चुणचुणीत मूल 'गुरुजी, मग 5000 हा आकडा खरा कसा?' असे बहुधा विचारील. त्या दिवशी पुढचे गणित बाजूस ठेवून ह्याच प्रश्नावर तास घालविला तरी चालेल.