हिशेबाच्या फाईलचे रूपांतर : फेरा नको, साचा वापरा

गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावात कापड विकणाऱ्याचा माल सुरत, मालेगाव, इचलकरंजी अशा दूरच्या पेठांतून येतो. पूर्वी मालाबरोबर कागदी बिल येई व मुनीम ते वहीत उतरवून घेई. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहान दुकानांतही हिशेब संगणकावर आला. ठोक व्यापाऱ्याकडून बिलांची संगणकीय फाईल मिळाली, तर तीच आपल्या टॅलीत घालता येते, पुन्हा हाताने भरावी लागत नाही. मात्र त्याची फाईल एका घाटाची व टॅलीला हवी ती दुसऱ्या घाटाची असते. मध्ये रूपांतर करावे लागते. हे काम आपली शिकलेली मुले करू शकतात. पण पद्धत चुकली तर बिलातील ओळ न कळत गळते आणि तिची तोशीस दुकानदाराला लागते. म्हणून योग्य पद्धत कोणती, ते येथे पाहू.

एक्सएमएल आणि एक्सएसएलटी

टॅली एक्सएमएल पद्धतीची फाईल स्वीकारते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने १९९८ साली ही पद्धत ठरवून दिली. तीत प्रत्येक गोष्टीच्या मागेपुढे तिच्या नावाची खूण असते. बिलाच्या पोटात मालयादी, मालयादीच्या पोटात ओळी, ओळीच्या पोटात भाव व रक्कम. खतावणीत खाते आणि खात्यात नोंदी असाव्यात, तशीच ही रचना होय. एका घाटाची एक्सएमएल दुसऱ्या घाटात बदलण्यासाठी याच संस्थेने नोव्हेंबर १९९९ मध्ये एक्सएसएलटी ही भाषा प्रसिद्ध केली.

या भाषेत दोन मार्ग आहेत. पहिला फेरा, म्हणजे 'फॉर-ईच'. यात आपण संगणकाला सांगतो की, अमुक नावाच्या ओळी शोध आणि एकेक घेऊन असे कर. दुसरा साचा, म्हणजे 'टेम्प्लेट'. यात प्रत्येक जातीच्या ओळीसाठी वेगळा नियम लिहून ठेवतो आणि 'अप्लाय-टेम्प्लेट्स' अशी एकच आज्ञा देतो. मग समोर येणारी प्रत्येक ओळ आपल्या जातीचा साचा आपण शोधून घेते. दुसऱ्या भाषांतून आलेला मुलगा सवयीने फेराच लिहितो.

एक उदाहरण

समजा, कर सोडून एका बिलात चार ओळी आहेत. शर्टिंगचे थान ४० मीटर, दर ८५, रक्कम ३,४०० रुपये. साड्या १२ नग, दर ४५०, रक्कम ५,४०० रुपये. गाडीभाडे २५० रुपये. वटाव वजा २०० रुपये. एकूण ८,८५० रुपये.

मुलाला नमुन्यासाठी जे बिल दिले, त्यात फक्त थान व नग होते. त्याने त्या दोन नावांवर फेरा लिहिला. आता वरील बिल आले की फेरा थान घेतो, नग घेतो आणि भाडे व वटाव सोडून देतो. बेरीज येते ८,८००. दोन ओळी गळाल्या, पण फरक दिसतो फक्त ५० रुपयांचा. त्यातही व्यापाऱ्याच्या खात्याची रक्कम याच ओळींच्या बेरजेने काढली असेल, तर दोन्ही बाजू ८,८०० होऊन जुळतात आणि टॅलीही तक्रार करीत नाही. चूक सापडते ती वर्षअखेर खाते मिळवताना.

फेऱ्यात सर्व ओळी घेऊन आत 'हे असेल तर असे, ते असेल तर तसे' अशा अटी लिहिता येतात, हे खरे. पण प्रत्येक नव्या जातीसाठी त्याच गाठोड्यात हात घालावा लागतो आणि एक नीट करताना दुसरे बिघडते. साच्यात हमालीची ओळ नव्याने आली, तर हमालीचा एक साचा खाली जोडायचा. थान व नगाच्या साच्यांना हात लागत नाही.

अनोळखी ओळीची तजवीज

साचा नसलेल्या ओळीला एक्सएसएलटीचा अंगभूत नियम लागतो आणि तिच्यातील मजकूर जसाच्या तसा बाहेर पडतो. तो घाटात बसत नाही, पण निदान डोळ्यांना दिसतो. याहून चांगला उपाय म्हणजे उरलेल्या सर्वांसाठी तारांकनाचा एक साचा लिहावा. त्यात 'मेसेज' ही आज्ञा 'टर्मिनेट'सह द्यावी. अनोळखी ओळ येताच काम थांबते व तिचे नाव पडद्यावर येते. या साच्यामुळे बिल, मालयादी यांनाही आपापला साचा लागेल, तो लिहून ठेवावा.

येथे एक खबरदारी हवी. एका ओळीला दोन साचे लागू होत असतील, तर अधिक नेमका साचा जिंकतो. नुसत्या तारांकनाचे वजन उणे ०.५, नुसत्या नावाचे ०, आणि तिरकी रेघ किंवा अट असलेल्याचे ०.५. म्हणून 'मालयादी/तारांकन' असे लिहिले, तर तोच साचा 'थान'वर मात करील आणि ओळखीची ओळही अडेल. अशा वेळी 'प्रायॉरिटी'चा आकडा स्वतः लिहावा.

फक्त एक नाव बदलायचे असेल तर

कधी फाईल टॅलीच्याच घाटाची असते, फक्त खात्याचे नाव आपल्या खतावणीप्रमाणे हवे असते. फेऱ्याने सारी फाईल नव्याने रचावी लागेल. साच्याच्या रीतीत 'जसे आहे तसे उतरव' असा एक सर्वसाधारण साचा आणि 'लेजरनेम'साठी एक खास साचा, एवढे पुरे. बाकीचे जसेच्या तसे पुढे जाते.

फेरा कोठे चालतो

फेरा निषिद्ध नाही. सर्व ओळी एकाच जातीच्या आणि काम एकदाच करायचे असेल, जसे की व्यापाऱ्यांच्या नावांची साधी यादी काढणे, तर फेरा सोपा व सुटसुटीत. ओळींच्या जाती अनेक असतील आणि पुढे वाढणार असतील, तेथे साचाच हवा.

पडताळणी

व्यापाऱ्याच्या खात्याची रक्कम ओळींच्या बेरजेतून काढू नये, बिलावर छापलेल्या एकूण रकमेतून घ्यावी. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावेची रक्कम वजा व जमेची अधिक चिन्हाने असते. म्हणून प्रत्येक व्हाउचरची बेरीज शून्य आली पाहिजे. वरील बिलात भाडे व वटाव गळाले, तर ५० रुपयांची तफावत तेथेच उघडी पडेल.

रूपांतरासाठी ब्राउझरवर विसंबू नये. क्रोममधून एक्सएसएलटीची सोय काढण्याचे २०२५ साली जाहीर झाले आहे. 'एक्सएसएलटीप्रॉक' किंवा 'सॅक्सन' हे स्वतंत्र प्रोग्राम वापरावेत.

मुलाकडून काम घेताना व्यापारी बंधूंनी त्याला एकच बिल देऊ नये. भाड्याचे, वटावाचे, परतीच्या मालाचे अशी निरनिराळी बिले द्यावीत. मग एक बनावट ओळ मुद्दाम घालून पाहावी. काम थांबले व ओळीचे नाव आले, तर ते पदरात घ्यावे. फाईल निमूटपणे तयार झाली, तर परत पाठवावी.