तआरुफ : ओळखीचे खेळ आणि त्यांची कुंपणे

दिव्य कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील (४९) तेराव्या आयतीचा आशय आपल्या घराघरांत परिचित आहे. अल्लाहने सर्व मानवांना एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून निर्माण केले, त्यांची राष्ट्रे आणि कबिले केले, ते एवढ्यासाठी की त्यांनी एकमेकांना ओळखावे. आणि अल्लाहजवळ सर्वांत प्रतिष्ठित तो, जो सर्वाधिक ईशपरायण आहे. ‘एकमेकांना ओळखावे’ यासाठी आयतीत ‘लि-तआरफू’ हा शब्द आला आहे. आपण दखनी-उर्दूत रोज वापरतो तो ‘तआरुफ’ याच धातूपासून बनलेला आहे. अरबी व्याकरणात हे रूप परस्परतेचे मानले जाते. एकाने विचारत राहावे आणि दुसऱ्याने उत्तरे देत राहावे, याला तआरुफ म्हणता येत नाही. दोघेही एकमेकांना ओळखू लागले, म्हणजे तो घडतो.

या महिन्याच्या पाठात हा शब्द आपण एका अगदी व्यावहारिक प्रसंगाला लावून पाहणार आहोत.

प्रसंग

पुणे शहर आणि त्याला लागून असलेला मुळशी तालुका या परिसरात मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी काही कुटुंबे आहेत. कोणाच्या मुलाचे हिफ्ज चालू आहे. कोणाच्या वडिलांची हिंजवडीतील नोकरीनिमित्त वारंवार बदली होते. कोणाचे मूल आजारी असते, तर कोणाला वर्गातील गोंगाट सोसत नाही. दहावीच्या वयाला पोहोचलेली मुले १७ नंबरचा अर्ज भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसतात किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग धरतात. अशा घरांना एकमेकांचा आधार लागतो. अर्ज कसा भरावा, कोणते पुस्तक वापरावे, हे विचारायला कोणीतरी हवे असते. त्याहून मोठी गरज मुलांची असते. त्यांना सोबती हवे असतात.

म्हणून अशी कुटुंबे गट करून महिन्या-पंधरवड्याला एकत्र जमतात. पहिल्या भेटीत मुले आईच्या ओढणीआड उभी राहतात, मोठी माणसे हवापाण्याच्या गप्पा मारतात. हा संकोच मोडण्यासाठी कोणीतरी खेळ सुचवतो. आजकाल त्यांना ‘आइसब्रेकर’ म्हणतात. पालक विचारतात, “मौलाना, असे खेळ घ्यावेत का? आणि घ्यायचे तर कसे?”

घ्यावेत, असे आमचे उत्तर आहे. मात्र कसे घ्यावेत, हे समजण्यासाठी तेराव्या आयतीच्या आधीच्या दोन आयती पाहाव्या लागतात.

ओळखीच्या आधी कुंपण

अकराव्या आयतीत श्रद्धावंतांना बजावले आहे की कोणत्याही गटाने दुसऱ्या गटाची थट्टा करू नये, स्त्रियांनी स्त्रियांची करू नये, एकमेकांना टोमणे मारू नयेत आणि वाईट टोपणनावांनी हाक मारू नये. बाराव्या आयतीत फार संशय घेणे, पाळत ठेवून दोष शोधणे आणि पाठीमागे निंदा करणे यांस मनाई आहे. निंदेला तर मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. यानंतर तेरावी आयत ओळखीविषयी बोलते.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. थट्टा, टोपणनावे, संशय, खोदून चौकशी आणि निंदा ही पाच दारे बंद केल्यावर तआरुफचे दार उघडले आहे. मराठीत ‘नाव विचारणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत शब्दांचे अंतर थोडे आहे, पण पहिल्याने माणूस जवळ येतो आणि दुसऱ्याने कायमचा दुरावतो.

आणखी एक गोष्ट अशी. अकरावी व बारावी आयत श्रद्धावंतांना संबोधून आहे, तर तेरावी समस्त मानवजातीला. मुळशीतील अशा गटात हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध शेजारीही असतील. त्यांच्याशी ओळख करून घेणे हेही या आयतीच्याच आज्ञेत येते, आणि त्यांच्या बाबतीतही आपली जीभ त्याच कुंपणात राहिली पाहिजे.

प्रेषितांची (स.) रीत

आदरणीय प्रेषित (स.) ओळख कशी करून घेत, याचे काही नमुने हदीस व सीरतच्या ग्रंथांत आहेत.

ताइफमध्ये दगड खाऊन प्रेषित (स.) एका मळ्यात टेकले असता अद्दास नावाचा ख्रिस्ती सेवक द्राक्षे घेऊन आला. प्रेषितांनी (स.) त्याला त्याचा देश आणि धर्म विचारला. तो निनवेचा आहे असे कळताच, म्हणजे सदाचारी यूनुस बिन मत्ता यांच्या गावचा, असे ते उद्गारले. सीरत इब्न हिशाममध्ये ही घटना आली आहे. प्रश्न साधाच होता, पण त्याच्या उत्तराला लगेच आदराचा एक धागा जोडला गेला.

अबू उमैर हा लहान मुलगा. त्याचा पाळलेला छोटा पक्षी मेला होता. प्रेषितांनी (स.) त्याला नावाने हाक मारून त्या पक्ष्याचे काय झाले, असे विचारले (बुखारी, मुस्लिम). लहान मुलाशी ओळख त्याच्या आवडीच्या वस्तूपासून सुरू होते, हे या हदीसवरून शिकता येते.

तिसरा नमुना तर प्रत्यक्ष कोड्याचा आहे. ज्याची पाने गळत नाहीत आणि जे मुस्लिमासारखे आहे असे झाड कोणते, असे प्रेषितांनी (स.) सहाबांना विचारले. लोक रानातील झाडांचा विचार करू लागले. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मनात खजुरीचे झाड आले, परंतु ते वयाने सर्वांत लहान होते, थोरांपुढे बोलायला लाजले आणि गप्प राहिले. उत्तर खजूर हेच होते. पुढे त्यांनी वडिलांना हे सांगितले, तेव्हा तू बोलला असतास तर मला फार मोठा आनंद झाला असता, असे हजरत उमर (रजि.) म्हणाले (बुखारी, मुस्लिम). गप्प बसलेल्या मुलापाशी उत्तर नसते, असे समजू नये. त्याला ते उत्तर देता यावे, अशी सोय करणे हे खेळ घेणाऱ्याचे काम आहे.

चार खेळ

*पहिला : रस्त्याची दोरी.* अंगणात पूर्व-पश्चिम एक लांब दोरी टाकावी. हा पौड रस्ता समजावा. पूर्वेच्या टोकाला चांदणी चौक. मग ओळीने भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड आणि पश्चिमेला मुळशीचे धरण. प्रत्येक ठिकाणी एक दगड ठेवावा. हिंजवडी-माणकडच्या मुलांसाठी पिरंगुटजवळच्या घोटावडे फाट्यापासून उत्तरेला दुसरी दोरी लावावी. प्रत्येक मुलाने आपल्या घराच्या जागी उभे राहून स्वतःचे नाव आणि घराजवळची एक खूण सांगावी : ओढा, मशीद, किराणा दुकान, वडाचे झाड. शेजारी उभ्या राहिलेल्याला सलाम किंवा नमस्कार करावा. ओळखीच्याला व अनोळखीलाही सलाम करणे हे इस्लाममधील उत्तम कृत्यांपैकी एक, असे हदीस सांगते (बुखारी, मुस्लिम). या खेळातून पालकांनाही कळते की कोणाचे घर कोणाच्या वाटेवर आहे. एकमेकांच्या मुलांना ने-आण करण्याची सोय तेथेच जमते.

*दुसरा : जोडीदाराची ओळख.* दोन-दोन मुलांच्या जोड्या लावाव्यात. दहा मिनिटांत त्यांनी एकमेकांना तीनच प्रश्न विचारावेत : तुला हाताने काय करता येते? तुला कोणता पक्षी किंवा प्राणी आवडतो? तुला काय शिकायचे आहे? नंतर स्वतःची ओळख कोणीच करून द्यायची नाही. प्रत्येकाने जोडीदाराची द्यायची. मदीनेत प्रेषितांनी (स.) मुहाजिर व अन्सार यांच्या जोड्या लावून त्यांना भाऊ केले होते. हजरत मूसा (अ.) यांनी जिभेची गाठ सोडवण्याची प्रार्थना केली, तेव्हा आपल्याहून अधिक ओघवते बोलणारे बंधू हारून (अ.) यांना सोबत मागितले (२०:२५-३२, २८:३४). अडखळत बोलणाऱ्या मुलाला अशा सोबतीचा फार आधार होतो. एक अट मात्र कडक पाळावी : “हे सांगू का?” असे आधी विचारून मगच सांगायचे. कानात सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे.

*तिसरा : झाड ओळखा.* प्रत्येकाने परिसरातील एक झाड मनात धरून त्याच्या तीन खुणा सांगाव्यात : आंबा, जांभूळ, करवंद, हिरडा, बांबू, काहीही चालेल. बाकीच्यांनी उत्तर मोठ्याने न ओरडता पाटीवर लिहावे किंवा चित्र काढून दाखवावे. त्यामुळे चुणचुणीत मूल सगळी उत्तरे पळवत नाही आणि लाजाळू मुलाचे उत्तरही सर्वांना दिसते. शेवटी खजुरीच्या झाडाची हदीस गोष्टरूपाने सांगावी.

*चौथा : तळ्यात-मळ्यात.* आपला जुना खेळ थोडा बदलावा. “ज्यांनी काजवे पाहिले आहेत ते तळ्यात!” “ज्यांना भाकरी थापता येते ते तळ्यात!” ज्यांना लागू असेल त्यांनी रेषेपलीकडे उडी मारायची आणि तेथे आणखी कोण आहे ते पाहायचे. प्रश्न निवडणाऱ्याने येथे सावध असावे. “ज्यांच्या घरी चारचाकी आहे”, “ज्यांचे दहा पारे पाठ झाले आहेत” असे प्रश्न घेऊ नयेत. एका उडीने मुलांत श्रीमंत-गरीब किंवा हुशार-मागे अशी रेषा पडते, आणि तेराव्या आयतीने प्रतिष्ठेचा जो एकच निकष ठेवला आहे तो मुलांच्या मनातून पुसला जातो.

टाळावयाचे खेळ

दोन खऱ्या गोष्टींत एक खोटी मिसळून ती ओळखायला लावण्याचा खेळ बराच चालतो. लोकांना हसवण्यासाठी खोटे बोलणाऱ्याविषयी हदीसमध्ये कठोर इशारा आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). खेळाचे नियम सर्वांना ठाऊक असतात, असे कोणी म्हणेल. तरीही सफाईने खोटे बोलल्याबद्दल लहान मुलाला टाळ्या मिळाव्यात, हे आम्हांला योग्य वाटत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःविषयीची एक खरी पण अनोखी गोष्ट चिठ्ठीवर लिहावी, चिठ्ठ्या मिसळाव्यात आणि कोणती कोणाची ते ओळखावे. मजा तेवढीच येते. प्रेषित (स.) विनोद करीत, पण विनोदातही सत्यच बोलत.

जुनी चूक किंवा गुपित सर्वांसमोर कबूल करायला लावणारे खेळ टाळावेत. अल्लाहने झाकलेले पाप स्वतः उघड करणे निषिद्ध आहे (बुखारी, मुस्लिम). डोळे बांधून दचकवणे किंवा वस्तू लपवून घाबरवणेही नको. प्रवासात झोपलेल्या एका सहाबीची दोरी कोणी घेतली आणि ते दचकले, तेव्हा मुस्लिमाने मुस्लिमाला घाबरवणे वैध नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले (अबू दाऊद). पैसे लावून खेळणे तर जुगारच होय. आणि मुलांना बक्षीस कबूल केले असेल तर ते त्याच दिवशी द्यावे.

मोठ्यांचा तआरुफ

खरी कसोटी मोठ्यांची असते. घरी शिकवणाऱ्या प्रत्येक आईने नातेवाइकांकडून एक प्रश्न शेकडो वेळा ऐकलेला असतो : “शाळा का सोडली?” त्यामागे कधी मुलाचा आजार असतो, कधी न भरलेली फी, कधी वर्गात झालेला अपमान. हे घाव खोदून काढणे म्हणजे बाराव्या आयतीत मना केलेला ‘तजस्सुस’ होय. आधाराच्या गटातही पहिल्याच दिवशी तीच उलटतपासणी झाली, तर ते कुटुंब पुन्हा येणार नाही, आणि एका मुलाला मिळू शकले असते ते एकमेव सोबती त्याच्या हातून जातील.

म्हणून मोठ्यांनी “का” हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारूच नये. स्त्रियांनी व पुरुषांनी आपापल्या बैठकीत एवढेच सांगावे : माझ्याकडे द्यायला काय आहे आणि मला काय हवे आहे. एखादी भगिनी शिवण शिकवू शकते, तिला गणितासाठी मदत हवी असते. एखादा बांधव मुलांना शेतावर नेऊन भातलावणी दाखवू शकतो, त्याला १७ नंबरच्या अर्जाची माहिती हवी असते. गरज आणि देणगी यांची अशी गाठ पडली की स्नेह वाढतो. पुढे विश्वास बसला की “का” याचे उत्तर न विचारताही मिळते, आणि मिळाले नाही तरी काही बिघडत नाही.

घरी चर्चेसाठी

१. सूरह अल-हुजुरातच्या ११ ते १३ या आयती अनुवादासह वाचा. त्यांत मना केलेल्या गोष्टींची मुलांकडून यादी करून घ्या.
२. आपल्या घरात कोणाला टोपणनावाने हाक मारली जाते का? त्या व्यक्तीला ते खरोखर आवडते का, हे तिलाच विचारा.
३. शेजारच्या एका कुटुंबाविषयी, त्यांनी स्वतः आनंदाने सांगितलेली कोणती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे?

अल्लाह आपल्या मुलांना सदाचारी सोबती देवो, आपल्या जिभांना कोणाचेही मन दुखवण्यापासून वाचवो आणि आपली ओळख परस्परांच्या हिताची करो. आमीन.