क्रेडिट वाया जाऊ नयेत म्हणून

चि. सानिका हिस,


डी अँझा कॉलेजात प्रवेश घेतलास, छान केलंस. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्याकडच्या काही जणांचा चेहरा अजूनही पडतो; तिकडे लक्ष देऊ नकोस. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन विद्यापीठात, ही वाट कॅलिफोर्नियानं १९६० च्या मास्टर प्लॅनमध्येच आखून दिली. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. जपायचं आहे ते वाटेत गळणाऱ्या क्रेडिटना.

ही गळती किती मोठी असते, हे अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’च्या २०१७ च्या अहवालात आहे. २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडाली, असा त्यांचा अंदाज. एका सरकारी संस्थेतून दुसऱ्या सरकारी संस्थेत गेलेल्यांचीही ३७ टक्के बुडाली. एकदा फी भरून, रात्री जागून पास झालेला विषय पुन्हा शिकायला बसणं हा अन्याय आहे. दोन संस्थांचं आपसात जमत नाही आणि भुर्दंड पोरांना पडतो.

खरी गोम पुढेच आहे. विद्यापीठानं क्रेडिट घेतलं, म्हणजे ते मुख्य विषयाच्या अटीत धरलं असं होत नाही. पुष्कळदा ते ऐच्छिक म्हणून नोंदलं जातं. एकूण बेरीज फुगते, पण पदवी तेवढीच लांब राहते. म्हणून आधी मुक्काम ठरवावा आणि मग विषय निवडावेत. इतिहास की कॉम्प्युटर सायन्स, सॅन होजे स्टेट की डेव्हिस, याची निदान दोन-तीन नावं पहिल्याच वर्षी डोळ्यांसमोर हवीत.

यासाठी राज्याची ‘असिस्ट’ ही अधिकृत वेबसाइट आहे. आपलं कॉलेज, जायचं विद्यापीठ आणि मुख्य विषय निवडला की कुठला कोर्स कशाच्या जागी धरतात ते तिथे दिसतं. मैत्रिणीनं घेतला म्हणून कोर्स घेणाऱ्यांनी हे पान एकदा उघडलं, तरी बराच मनस्ताप टळेल.

डी अँझाबाबत एक गोष्ट नीट समजून घे. तिथे क्वार्टर पद्धत आहे. सॅन होजे स्टेटमध्ये सेमिस्टर. क्रेडिट युनिटांत मोजतात; क्वार्टरचं एक युनिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश, म्हणजे ९० चे ६० होतात. हे गणित सोपं आहे. अडचण होते ती कॅल्क्युलससारख्या साखळीत. तीन क्वार्टरांत शिकवलेला भाग विद्यापीठ अनेकदा दोन सेमिस्टरांच्या बदल्यात एकगठ्ठा धरतं. मधेच कॉलेज बदललं की अर्धवट तुकडा कशातच बसत नाही. अशी साखळी एकाच कॉलेजात पुरी करावी.

राज्यानंही काही गाठी सोडवल्या आहेत. २०१० च्या कायद्यानं ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ आली. ६० सेमिस्टर युनिटांची ही पदवी घेतली की कॅल स्टेट, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागेची हमी मिळते आणि त्याच किंवा जवळच्या विषयात उरलेल्या ६० युनिटांत पदवी पुरी करता येते. हमी व्यवस्थेची आहे, हव्या त्याच कॅम्पसची नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, सहा कॅम्पस प्रवेशाचा वेगळा हमी-करार देतात. त्यांत बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो नाहीत, काही विषयही वगळलेले असतात आणि या कराराचा अर्ज सप्टेंबरात एकाच कॅम्पससाठी करता येतो. २०२५ च्या फॉलपासून सामान्य शिक्षणाचा ‘कॅल-गेटसी’ हा ३४ सेमिस्टर युनिटांचा एकच साचा कॅल स्टेट आणि यूसी दोघांना चालतो. मात्र इंजिनिअरिंगला जाणाऱ्यानं हा साचा पुरा करण्याआधी गणित आणि भौतिकशास्त्र उरकावं.

हायस्कूलमध्ये दिलेल्या एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षांची क्रेडिट डी अँझाच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसली, तरी ती आपोआप पुढे जातील असं धरू नये. प्रत्येक विद्यापीठ स्वतःच्या नियमानं ती मोजतं आणि गुण ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून थेट मागवतं. ज्या विषयाचं एपी क्रेडिट मिळणार, तोच विषय पुन्हा घेतला तर दोनदा क्रेडिट मिळत नाही.

तुझा पुण्याचा भाऊ विचारत होता की आपल्याकडे भारतात असं काही आहे का. आहे. यूजीसीनं २०२१ मध्ये ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम केले आणि विद्यार्थ्याची क्रेडिट तिथे साठतात. पण खात्यात साठलेलं क्रेडिट कुठल्या पदवीत किती धरायचं, हा प्रश्न तिथेही त्या त्या विद्यापीठाकडेच जातो.

आता कामाचं. कॉलेजच्या काउन्सेलरची वेळ पहिल्याच क्वार्टरमध्ये घे आणि ‘असिस्ट’ची पानं छापून सोबत ने. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस त्या त्या वेळीच डाउनलोड करून ठेव. विद्यापीठानं एखादा विषय नाकारला, तर विभागाकडे फेरविचार मागता येतो, आणि तेव्हा कोणत्या आठवड्यात काय शिकवलं हे दाखवणारा कागद तो सिलॅबसच असतो. दोन-तीन विद्यापीठांची नावं ठरली की मला कळव. त्यांची पानं आपण फोनवर एकत्र वाचू.

तुझी,
मावशी