लोहमार्ग होता खरोखरच लोखंडाचा!

विद्यार्थी मित्रांनो, ठाणे किंवा डोंबिवली स्थानकात उभे असताना समोरच्या रुळांकडे जरा पाहा. आपण त्यांना लोखंडी म्हणतो, पण ते आहेत पोलादाचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि १८५४ मध्ये मार्ग कल्याणला पोहोचला, तेव्हाचे रूळ मात्र घडीव लोखंडाचेच होते. त्या काळी पोलाद इतके महाग, की त्याच्या सुऱ्या व्हाव्यात, रूळ नव्हेत! ते स्वस्तात करण्याची रीत हेन्री बेसेमरने जाहीर केली ती १८५६ साली.

घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच. त्यामुळे ते चिवट पण मऊ असते. चाकांच्या भाराने चेपते, त्याचे पापुद्रे सुटतात. उलट बिडात तीन-चार टक्के कार्बन. ते कठीण, पण ठिसूळ. रुळाच्या पोलादात कार्बन एक टक्काही नसतो, तरी फरक केवढा! इंग्लंडमधील डर्बी स्थानकात एके ठिकाणी लोखंडी रूळ दर तीन ते सहा महिन्यांनी बदलावे लागत. १८५७ साली तेथे पोलादी रूळ बसवला, तो १६ वर्षे टिकला.

ठाण्याहून रोज धावणाऱ्या शेकडो लोकलगाड्यांखाली घडीव लोखंड किती दिवस तगले असते, याचा अंदाज तुम्हीच करा.