कासव पाळण्याची हौस

कुत्रें धन्यास पाहून शेपूट हालवितें, पोपट शीळ घालतो. परंतु कासव किंवा बेडूक यांपैकीं कांहींच करीत नाहीं. मग असे प्राणी पाळण्यांत लोकांस कोणतें सुख वाटतें?

तें निरीक्षणाचें सुख होय. या प्राण्यांचें रक्त आपल्याप्रमाणें सदा उबदार नसतें. कासव आधीं ऊन खातें, मगच हालूं लागतें; त्यास अन्नही थोडें पुरतें. त्याच्याकडे पाहणाऱ्यास धीर धरावा लागतो, व त्या धीरांतच गोडी उत्पन्न होते.

परंतु ही हौस प्राण्याच्या जिवावर बेतूं नये. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलें तारांकित कासव केवळ त्याच्या सौंदर्यापायीं चोरून विकलें जातें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तें घरीं पाळणें गुन्हा आहे. २०१९ सालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासही बंदी झाली. दुकानांत मिळणारें, कानाशीं तांबडा पट्टा असलेलें चिमुकलें कासव मूळचें अमेरिकेंतलें. तें वाढून जड झालें कीं लोक तळ्यांत सोडून देतात, आणि तेथें तें देशी कासवांचें अन्न व जागा बळकावितें.

तेव्हां पाळण्याऐवजीं पाहण्याचीच हौस धरावी. पुण्याजवळ कात्रज येथें १९८६ सालीं सर्पोद्यान स्थापन झालें, तें पालकांनीं मुलांस अवश्य दाखवावें. आपल्या धाराशिवकडेही मृगाचा पाऊस झाला कीं डबक्यांत बेडकांचीं अंडीं दिसतात. तेथें रोज जावें. शेपटीच्या पिलास आधीं मागचे पाय फुटतात, मग पुढचे. पुढें शेपूट विरून जातें. वहींत तारीखवार टिपून ठेवा, पण पिलूं डबक्यांतच राहूं द्या.